हवेवर बसणारी गाडी

मैत्रिणींनो, शिवनेरीनं कधी दादर-पुणे प्रवास केलाय? केला असेल तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. आपल्या लाल एसटीत खड्डा आला की आपण सीटवरून वीतभर उडतो आणि डब्यातला शिरा झाकणाला चिकटतो. शिवनेरीत मात्र पोटातलं पाणी हलत नाही. याचं कारण नुसत्या मऊ सीटा नाहीत. त्या बसच्या खाली लोखंडी पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. बसचं सगळं वजन त्या हवेवर तोललेलं असतं. शहरातल्या काही लो-फ्लोअर बस थांब्यावर 'फुस्स' करून दाराच्या बाजूला किंचित झुकतात ना, म्हाताऱ्या माणसाला चढता यावं म्हणून? तीही याच पिशव्यांची करामत. थोडी हवा सोडली की बस खाली, भरली की वर. याला म्हणतात एअर सस्पेन्शन.

आता तुम्ही म्हणाल, महिलांच्या पानावर हे गॅरेजचं पुराण कशाला? सांगते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाचीच्या बाळंतपणासाठी मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेले होते. ताईला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून मावशीची नेमणूक! चार महिने राहिले. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची आंघोळ हे सगळं आटोपलं की दुपारी करायला काही नसे. आणि शेजारच्या घरात मात्र रोज काहीतरी चाललेलं असे. ग्राइंडरचा आवाज, ठिणग्या, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. पाय बाईमाणसाचे होते, म्हणून मी जरा निरखून बघायला लागले.

शेजारीण मेक्सिकन वंशाची. वय माझ्याच आसपास, एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नोकरीला. नवरा २०२० च्या डिसेंबरात कोविडनं गेला. मागे मुलगी, मुलगा आणि एक पिकअप. (तिनं नाव छापू नको म्हटलंय, म्हणून 'शेजारीण'च म्हणते.) पिकअप म्हणजे आपल्याकडे भाजी-दूध वाहतात तसाच, मागे उघडा हौदा असलेला. शेव्हरोले कंपनीचा एस-टेन, १९९२ चा. नवऱ्यानं तो लग्नाआधी सेकंडहँड घेतला होता आणि हौसेनं बुटका करून ठेवला होता. पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकला, मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. गाडी चार बोटं खाली आली. दिसायला ऐटबाज, पण बसणाऱ्याचे हाल! जरा स्पीडब्रेकर आला की खालून धाडकन. पायातली सगळी लवचीकताच संपलेली. घराच्या उतारावर चढवताना पोट घासायचं. "लग्नानंतर दोन्ही बाळंतपणांत मी या गाडीत बसायला साफ नकार दिला," शेजारीण हसत सांगत होती.

मग हवेच्या पिशव्या बसवायचं नवऱ्याच्याच मनात होतं. सामान थोडं थोडं घेऊन ठेवलं होतं. पिशव्यांचं खोकं गॅरेजच्या फळीवर तसंच सीलबंद राहिलं आणि माणूस गेला.

पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. बाई एकटी राहिली की तिच्या वस्तूंचं काय करायचं हे ठरवायला सगळं गाव येतं. सॅन होजे असो नाहीतर सांगोला! दीर म्हणाला, विकून टाक, पोराच्या फीला उपयोग होईल. मुलगाही तेच म्हणाला. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पैशाची ओढाताण होतीच. आणि एक खरी मेख होती. या कामात गाडीची चासीच कापावी लागते. एकदा कापली की नेहमीचं गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नाही. म्हणजे पिकअप विकायचा तर कापण्याआधी. कापला की तो घरातच राहणार. शेजारणीनं बराच काळ निर्णय घेतला नाही. मुलीनं मात्र कम्युनिटी कॉलेजात मोटारदुरुस्तीचा कोर्स घेतला आणि एक दिवस आईला विचारलं, "करायचं का?"

या गाड्यांमागे मोठा इतिहास आहे, तो मला तिथे गेल्यावरच कळला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमधली पोरं जुन्या गाड्या घ्यायची. नवी परवडत नव्हती. गोऱ्या पोरांना गाडी वेगात पळवायची हौस, तर यांनी बरोबर उलटं केलं. गाडी बुटकी करायची, चकचकीत रंगवायची आणि रविवारी संध्याकाळी हळूऽहळू रस्त्यावरून मिरवायची. कुणी बॉनेटवर ग्वादालुपेच्या मेरीमातेचं चित्र काढतो. आपल्या ट्रकांवर एकवीरा आई असते ना, तसंच. या गाड्यांना लोरायडर म्हणतात. सॅन होजे तर त्यांचं माहेरघरच म्हणा. 'लोरायडर' नावाचं मासिक १९७७ मध्ये याच शहरात सुरू झालं. स्टोरी रोड आणि किंग रोडचा चौक म्हणजे मिरवणुकीचं ठिकाण.

पण सरकारला हे खपलं नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली असता कामा नये. पोलीस थांबवायचे, पट्टीनं मोजायचे, दंड करायचे. त्यावर १९५९ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरे या तरुणानं तोड काढली. वडिलांच्या मदतीनं त्यानं विमानाचे जुने हायड्रॉलिक पंप आपल्या कोर्व्हेट गाडीला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की परत खाली. कोणता कायदा मोडला, दाखवा! त्यानं वापरलं तेल. पुढे पिकअपवाल्यांनी तेच काम हवेवर करायला सुरुवात केली. हवेची गाडी तेलाच्या गाडीसारखी उड्या मारत नाही, पण चालवायला मऊ. रोज कामावर न्यायची असेल तर हवाच बरी, असं शेजारणीची मुलगी म्हणते.

हे सगळं पुरुषांचंच राज्य होतं, हेही खरं. त्या मासिकाची जुनी मुखपृष्ठं भाचीनं नेटवर दाखवली. गाडी सुंदर आणि तिच्या टपावर तोकड्या कपड्यातली मुलगी. मला ते खटकलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. शेजारणीच्या मुलीनं खांदे उडवले. "त्या टपावर होत्या, मी खाली आहे," म्हणाली. आता तिकडे फक्त बायकांचे लोरायडर क्लबही आहेत म्हणे.

आता कामाकडे वळते. मी काही मेकॅनिक नाही, बी.ए. मराठी! पण चार महिने समोर बघून आणि प्रश्न विचारून जे कळलं ते सांगते.

पिशवी म्हणजे दोन मेदूवडे एकावर एक ठेवल्यासारखी दिसते. जाड रबर, आत दोऱ्यांचं विणकाम, वरखाली लोखंडी तबकड्या. अशा चार, प्रत्येक चाकाशी एक. शिवाय बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, नळ्या आणि व्हॉल्व्ह. प्रत्येक पिशवीला दोन व्हॉल्व्ह, एक भरायचा, एक सोडायचा. म्हणजे चार पिशव्यांना आठ. ड्रायव्हरसमोर मीटर आणि बटणं.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगते. आपल्या कुकरची शिट्टी उडते तेव्हा आत साधारण १५ पौंडांचा दाब असतो. कारच्या टायरमध्ये तिसाच्या पुढे. या टाकीत दीडशे! दहा कुकरांइतका दाब हौद्याखाली बांधून फिरायचं. म्हणून टाकीला कुकरसारखाच सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि ठरावीक दाब झाला की कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा स्विच असतो. दाबली गेलेली हवा पाणीही सोडते. ते टाकीच्या तळाशी साचतं आणि तोटी उघडून अधूनमधून काढावं लागतं. नाहीतर टाकी आतून गंजते आणि पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरतं.

पुढच्या चाकांचं काम तसं सोपं. स्प्रिंग काढायची, तिच्या जागी वर-खाली लोखंडी वाट्या बसवून मध्ये पिशवी. पण ती स्प्रिंग काढणं भयंकर! सगळी गाडी पेलणारी ती, दाबलेली असते. सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येते. मुलीनं खाली जॅक लावला, स्प्रिंग साखळीनं बांधली आणि इंच इंच करून जॅक उतरवला. शेजारीण तेवढा वेळ दारात उभी राहून पुटपुटत होती. प्रार्थनाच असणार.

पिशवी बसवल्यावर बघायचं ते हे, की पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना ती कशालाही घासत नाही ना. रबर आहे, एका बोल्टाच्या टोकाला रोज घासलं तर महिन्याभरात भोक. ब्रेकची नळीही ताणली जाता कामा नये.

खरं काम मागे होतं, आणि इथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मागे पाटे असतात, ते काढून पिशव्या घालायच्या, एवढंच मला वाटलं होतं. मुलगी म्हणाली, नाही. पाटे दोन कामं करतात. एक, वजन पेलतात. ते दिसतं. दुसरं, ॲक्सलला जागच्या जागी धरून ठेवतात, पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत. ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पिशवी पहिलं काम करते, दुसरं करत नाही. पाटे काढून नुसत्या पिशव्या लावल्या तर ॲक्सल मोकळाच. ब्रेक मारला की चाकं कुठेही जातील. (घरातलीसुद्धा एखादी बाई आठ दिवस माहेरी गेली की मगच कळतं ना, ती स्वयंपाकाशिवाय काय काय धरून ठेवते ते!) म्हणून मग चार पोलादी दांडे लावायचे, एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. झोपाळ्याच्या कड्यांसारखे. खालचे दोन सरळ, वरचे दोन तिरके. त्यांनी ॲक्सलला फक्त वर-खाली जायची मुभा राहते.

आणि मग ती चासी. गाडी पार खाली बसवायची तर ॲक्सल वर जाऊन चासीला आदळणार. म्हणून चासीच्या दोन्ही पट्ट्यांना बरोबर त्या जागी खालून चंद्रकोरीसारखी खाच कापायची आणि कापलेल्या जागी त्याच आकाराचा जाड पोलादी तुकडा वेल्डिंगनं बसवायचा. आधी होती तेवढीच मजबूत झाली पाहिजे, तसूभर कमी नाही. हे काम शिकाऊ माणसाचं नाही, हे मुलीलाही माहीत होतं. कॉलेजात वेल्डिंग शिकली होती, पण ती म्हणाली, माझा हात अजून बसलेला नाही. आईनंही ठणकावलं, दीर करणार असेल तर होईल, नाहीतर गाडी अशीच राहील. दीर वेल्डर, जहाजदुरुस्तीच्या यार्डात आयुष्य गेलेलं. आणि तोच तर विकायचं म्हणत होता!

दोन रविवार तो आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला. हौद्याचे बोल्ट काढून हौदा उतरवून ठेवलेला, बॅटरीची वायर सोडलेली, पेट्रोलची टाकी काढून लांब अंगणात ठेवलेली. हे सगळं मायलेकींनी आधीच केलं होतं, कारण वेल्डिंगची एक ठिणगी पुरे. चासीवर खडूनं खुणा केलेल्या. दीरानं मोजलं, परत मोजलं, एक खूण पुसून अर्ध्या इंचानं सरकवली आणि काही न बोलता ग्राइंडर हातात घेतला. दुपारी जेवायला तमाले आणि माझ्या हातच्या पोळ्या होत्या. त्यांचा तोर्तिया नि आपली पोळी, फार काही फरक नाही. जेवताना तो पहिल्यांदा भावाबद्दल बोलला, असं शेजारणीनं नंतर मला सांगितलं.

याच सुमारास भाचीनं मला एका गाडीबद्दल वाचून दाखवलं. न्यू मेक्सिको राज्यात चिमायो नावाचं छोटं गाव आहे. तिथला डेव्हिड हारामियो सत्तरच्या दशकात १९६९ ची फोर्ड एलटीडी सजवत होता. १९७८ मध्ये मोटार अपघातात तो गेला, गाडी अर्धवट राहिली. त्याची बायको आयरीन आणि घरच्यांनी ती पुरी केली. 'डेव्हज् ड्रीम' हे तिचं नाव. १९९० मध्ये स्मिथसोनियनच्या वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं ती गाडी घेतली. मी हे शेजारणीला सांगायला गेले तर तिला आधीच ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानंच सांगितलं होतं, पूर्वी कधीतरी.

वायरिंगचं थोडक्यात सांगते. कॉम्प्रेसर भरपूर करंट खातो, त्यामुळे वायर जाड हवी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. सलग चालवला तर आपल्या मिक्सरसारखा तापून बंद पडतो.

पहिल्यांदा हवा भरली तेव्हा चारही कोपरे हळूहळू उठले. म्हैस बसलेली उठते तशी, आधी मागून! टाळ्या पडल्या. सकाळी बघतो तर पुढचा डावा कोपरा जमिनीला टेकलेला. कुठेतरी हवा गळत होती, आणि जोड पंचवीस-तीस. मी आपलं सांगितलं, आमच्याकडे गॅसच्या सिलिंडरची गळती साबणाच्या पाण्यानं बघतात. मुलगी हसली, "तीआ, इथेही तेच करतात!" तीआ म्हणजे मावशी. काकू, आत्या, मामी सगळ्यांना एकच शब्द. शेजारीण भांड्यांचा साबण वाटीत कालवून ब्रश घेऊन बसली आणि एकेका जोडावर फासत गेली. मध्येच एका ठिकाणी बारीक फुगे. नळी तिरकी कापली गेली होती. काटकोनात कापून परत बसवली, गळती बंद. बाकी जोडही त्याच बैठकीत तपासून झाले.

एक गोष्ट मात्र त्या दोघींनी शेवटपर्यंत पाळली, आणि ती तुमच्या घरातल्या मुलांनाही सांगा. हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. नळी सुटली की गाडी क्षणात खाली बसते. खाली भक्कम लोखंडी घोड्या लावल्याशिवाय मुलगी हातसुद्धा घालत नसे.

नंतर चाकांचं अलाइनमेंट करायला एका दुकानात नेलं. तिथला माणूस सगळं दीरालाच विचारत होता. किती उंचीवर चालवणार? दांडे कुठल्या कोनात? दीरानं प्रत्येक वेळी पुतणीकडे बोट दाखवलं. चौथ्या प्रश्नाला तो माणूस तिच्याकडे वळला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी एका नव्या कायद्यावर सही केली. बुटक्या गाड्यांवरची ती जुनी बंदी आणि मिरवण्यावर बंदी घालायचा शहरांचा अधिकार, दोन्ही रद्द. १ जानेवारी २०२४ पासून लागू. सॅन होजेनं आपल्यापुरती मिरवण्यावरची बंदी २०२२ मध्येच उठवली होती. बातमी आली त्या संध्याकाळी शेजारणीनं गाडी पार खाली बसवली आणि तासभर आत नुसती बसून राहिली.

आता हे वाचून कुणाच्या मुलानं हट्ट धरला तर? आपल्याकडे हे चालत नाही, बरं का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. साधा रंग बदलायचा किंवा सीएनजी किट लावायचं तरी आरटीओत नोंद लागते. फेरबदल केलेल्या गाडीच्या मालकाला दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. स्प्रिंगा कापून गाड्या बुटक्या करणारी पोरं मी आमच्या तालुक्यातही पाहिली आहेत. आपल्या रस्त्यांवर तर तो शुद्ध वेडेपणा. कायदा बाजूला ठेवला तरी कापलेली स्प्रिंग कमी पडते हे मी त्या पिकअपच्या बाबतीत ऐकलंच आहे. पण आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेइकलचा ट्रेड मुलींनाही खुला आहे, हे माहीत असू द्या. आमच्या बचतगटातल्या एकीची मुलगी चौकशी करून आलीय. आई अजून 'हो' म्हणत नाही. बोलणं चालू आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघी त्या पिकअपमधून स्टोरी रोडला गेलो. पुढे एकच लांब सीट. मुलगी चालवायला, मी मध्ये, शेजारीण खिडकीशी. स्पीडब्रेकर आला, गेला, कळलंही नाही. सिग्नलला मुलीनं बटण दाबलं, फुस्स, आणि आम्ही शेजारच्या गाडीच्या दाराच्या मुठीपर्यंत खाली! पलीकडच्या गाडीतल्या आजोबांनी टोपी काढली.

रंग अजून दिलेला नाही. नवऱ्याला जांभळा हवा होता, मुलीला हिरवा. शेजारीण म्हणते, आधी इंजिनाचं तेल गळतंय ते बघा.